एकाच मळ्यातली पाच पोती

कोलंबियातल्या उईलाच्या डोंगरात कॉफी पिकवणाऱ्या माणसानं चांगली कॉफी प्यायची नसते, विकायची असते. किडलेलं, फुटकं, पोचट, काळं पडलेलं बी निवडून बाजूला काढायचं आणि ते गुळाच्या पाण्यात उकळून घरात प्यायचं, ही तिथली रीत. मळ्यात जन्म काढलेली माणसं मरेपर्यंत कचरा पितात आणि वर पाहुण्याला छाती काढून सांगतात, "आमच्यासारखी कॉफी जगात नाही." पाहुण्यालाही कचराच पाजतात. तो बिचारा मान डोलावतो. यात कुणालाच काही खटकत नाही.

आन्सेल्मो कुएयारलाही निवृत्त होईपर्यंत काही खटकलं नव्हतं. निवृत्त माणसाला मात्र काहीतरी खटकावंच लागतं, नाहीतर दिवस जात नाही. आन्सेल्मोनं जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे एल तांबोर गावातली सगळी माणसं, शिकलेली, न शिकलेली आणि त्याच्याच हातून नापास झालेली, त्याला मास्तर म्हणायची. मास्तरला खटकलं तेही भूगोलाचंच. आपली कॉफी सोसायटीच्या गोदामात जाते, तिथल्या ढिगात पडते, ढीग जहाजात चढतो आणि पलीकडे उतरतो तेव्हा ती कुठलीच नसते. न पाहिलेल्या बेटांची नावं पोरांकडून घोकून घेण्यात आपली हाडं झिजली आणि आपल्या मळ्याचं नाव मात्र डोंगराखालच्या माणसाला ठाऊक नाही! मळ्याचं नाव होतं ला पोर्फिया. पोर्फिया म्हणजे हट्ट. आजोबांनी ठेवलेलं, आणि आजोबांना ओळखणारे म्हणत की दुसरं ठेवताच आलं नसतं.

तर मास्तरनं ठरवलं, की कुठंतरी थंड देशातल्या एका दुकानात एका पिशवीवर "ला पोर्फिया, आन्सेल्मो कुएयार" अशी अक्षरं छापून आली पाहिजेत. मग मेलो तरी चालेल. हे त्यानं मनात ठेवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण त्यानं ते चौकातल्या बिलियर्डच्या अड्ड्यावर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून रस्त्यात भेटणारा प्रत्येकजण, "काय मास्तर, छापून आलं का?" असं विचारायला लागला. आता माघार घेणं म्हणजे गावातून उठणं होतं.

तालुक्याच्या गावी कॉफी चाखून मार्क देणारी एक प्रयोगशाळा होती. तिथं चमचा हातात घेऊन बसलेली बाई म्हणजे युरानी, मास्तरची जुनी विद्यार्थिनी, भूगोलात दोनदा नापास. ती चमचाभर कॉफी अशी काही जोरात ओढायची की शेजारच्या खोलीतला माणूस दचकावा. मग ती तोंडात घोळवायची आणि पिंकदाणीत थुंकायची.

"सर, शंभरापैकी ऐंशी मिळाले तर स्पेशालिटी. त्याच्या खाली सोसायटीचा ढीग."

"ऐंशीला नुसतं पास? आमच्या शाळेत ऐंशी मिळाले की पोराची मिरवणूक निघायची."

"म्हणूनच मी कॉफीत आले," युरानी म्हणाली. "आणि सिंगल ओरिजिन ही गोष्ट निराळी. तिथं मार्क नाहीत. तो जन्मदाखला आहे. आई कोण, बाप कोण, गाव कुठलं. ज्या गिऱ्हाईकाला एकाच मळ्याची कॉफी हवी असते, त्याच्या पोत्यात दुसऱ्या घरचं एक घमेलं जरी पडलं, तरी दाखला रद्द. मग मार्क कितीही असोत."

मास्तरनं नमुना दिला. तो त्यानं आणि त्याच्या बायकोनं, नोहोरानं, एक एक फळ हातानं निवडून, चष्मे लावून, भांडत भांडत तयार केला होता. युरानीनं ओढलं, घोळवलं, थुंकलं आणि म्हणाली, "शहाऐंशी. जाईचा वास. संत्र्याची साल. शेवटी जरा गुळासारखं."

आपल्या मळ्यात जन्मभर जे पिकलं त्यात जाई होती हे मास्तरला त्या दिवशी कळलं, आणि ज्यांना हे ठाऊक होतं त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं याचा त्याला राग आला. राग बरोबरच होता. पण रागावायला वेळ नव्हता. नॉर्वेमधल्या एका व्यापाऱ्याला, एरिक नावाच्या, तो नमुना आवडला. त्याला पाच पोती हवी होती. सगळी ला पोर्फियाची, याच हंगामातली. शिवाय मळा नेमका कुठं आहे याचा सरकारी दाखला.

पाच पोती म्हणजे काय मोठं, असं मास्तरला वाटलं. मास्तर लोकांना असं वाटतं.

पहिला घोळ पिकलेल्या फळांचा. फक्त पूर्ण लाल झालेलं फळ तोडायचं असं गड्यांना सांगितलं. पण गड्यांची मजुरी वजनावर. हिरवं काय नि लाल काय, काट्याला रंग दिसत नाही. शिवाय लाल म्हणजे किती लाल यावर प्रत्येकाचं मत वेगळं. म्हणून मास्तरनं नोहोराचं नेलपॉलिश आणून प्रत्येक गड्याच्या अंगठ्याला लावलं. हाच रंग, याहून फिकं तोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी निम्मे गडी आलेच नाहीत. त्यांना बायकांनी घरी अडवून ठेवलं होतं, खुलासा होईपर्यंत. मास्तरला घरोघर जाऊन खुलासा करावा लागला आणि एका ठिकाणी तर स्वतःचा अंगठा रंगवून दाखवावा लागला. तोवर फळं झाडावरच जास्त पिकून गळाली.

दुसरा घोळ सल्ल्याचा. खालच्या मळ्यातला शेजारी खेन्तिल पेर्दोमो रोज कुंपणावर कोपर टेकून सल्ला द्यायचा. त्यानं कुठंतरी ऐकलं होतं की आता सोललेलं बी उघड्या हौदात आंबवायचं नाही, घट्ट झाकणाच्या पिंपात कोंडायचं.

"हवा लागू द्यायची नाही मास्तर. तोंड दाबून धरायचं. मग वास आतल्या आत मुरतो."

"आणि आतला वायू कुठं जातो?"

"वायूचं काय? तो वायू आहे. जाईल कुठंही."

वायू गेला. दुपारच्या जेवणाला बसायच्या सुमाराला मोठा आवाज झाला, पिंपाचं झाकण कुंपणावरून उडालं आणि वरच्या घरातल्या इस्मेनियाबाईंच्या अंगणात पडलं. इस्मेनियाबाई म्हणजे गावातल्या वयानं आणि आवाजानं मोठ्या विधवा. थोड्या वेळानं एका हातात झाकण आणि बगलेत कोंबडी घेऊन त्या खाली आल्या.

"मास्तर, हे झाकण तुमचं. आणि ही कोंबडी. हिनं आता अंडी देणं सोडलंय, तेव्हा हीसुद्धा तुमचीच."

"अहो बाई, आवाज होऊन पाच मिनिटं झाली नाहीत. अंडी सोडली हे इतक्यात कसं कळलं?"

"तिचे डोळे बघा," इस्मेनियाबाई म्हणाल्या.

मास्तरनं डोळे बघितले. त्यालाही ते खरं वाटलं. एका सुशिक्षित माणसाचं यापुढं काय व्हायचं राहतं?

पिंपातलं बी अंगणभर पसरलं. ते गेलंच. मग पाऊस आला, मग ऊन आलं, मग पुन्हा पाऊस; प्लास्टिकच्या छपराखाली ठेवलेल्या फळ्यांवर बी वाळवताना मास्तरनं त्यावर भेगाळलेला हात फिरवत आठवडे काढले. हंगाम संपत आला तेव्हा हिशोब असा होता: तीन पोती, आणि चौथ्यात तळाला थोडं.

ही गोष्ट मास्तरनं कुणालाही सांगितली नाही. फक्त नोहोराला सांगितली. नोहोरानंही कुणाला सांगितली नाही. फक्त इस्मेनियाबाईंना सांगितली, तीही जपमाळेच्या वेळी, कुणाजवळ बोलू नका असं बजावून. एल तांबोरमध्ये बातमी पोचवायची याहून खात्रीची सोय सरकारलाही करता आलेली नाही.

सरकारला दुसऱ्याच गोष्टी करता येतात. दाखल्यासाठी मास्तर तालुक्याच्या कचेरीत गेला. खिडकीमागच्या तरुण कारकुनानं नकाशा उघडला, त्यावर बोट फिरवलं आणि आनंदानं म्हणाला, "तुमचा मळा नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे एका तालुक्यात नाहीये. अर्धा आमच्यात, अर्धा वरच्या तालुक्यात. हद्दीची रेघ बघा, इथून जाते. इथं काय आहे?"

"तिथं मी कॉफी वाळवतो."

"नेमकी कुठल्या तालुक्यात वाळते?"

"सकाळी वरच्या, दुपारी तुमच्या," मास्तर म्हणाला. "ऊन सरकतं त्याप्रमाणे."

कारकुनाला विनोद कळला नाही, किंवा फारच कळला. "मग दोन दाखले लागतील. एक आमचा, एक त्यांचा. आणि दोन दाखल्यांवर 'एकच ठिकाण' असं लिहिता येत नाही. काका, नकाशा वाचता येतो का तुम्हाला?"

पिढ्यान्‌पिढ्या पोरांना नकाशा वाचायला शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारला गेला. मास्तरच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो या खिडकीवरून त्या खिडकीवर गेला, तिथून वरच्या मजल्यावर, तिथून परत पहिल्या खिडकीवर. प्रत्येक ठिकाणी त्याला कुणीतरी हद्द म्हणजे काय ते समजावून सांगितलं. दुपारी राष्ट्रीय संघाचा फुटबॉलचा सामना होता. सामना सुरू व्हायला आला तशी कचेरीतल्या सगळ्यांना घाई झाली, आणि त्या घाईत एका साहेबानं न वाचता शिक्का मारला. कागदावर लिहिलं होतं, की ला पोर्फिया हा एकच मळा असून एकाच ठिकाणी आहे. गेल्या कित्येक वर्षांत त्या कचेरीतून बाहेर पडलेलं ते बहुधा एकमेव खरं वाक्य, आणि तेही फुटबॉलमुळे.

दाखला छातीशी धरून मास्तर संध्याकाळच्या गाडीनं घरी आला. दोन पोती कमी आहेत, पण एरिकला पत्र लिहू, विनवू, तीनच घ्या म्हणू, असं त्यानं वाटेत ठरवलं होतं. वळणावरूनच त्याला आपल्या अंगणात धूर दिसला. चुलीवर मोठं पातेलं होतं, त्यात कोंबडीचा रस्सा, म्हणजे सांकोचो, शिजत होता. वस्तीतली सगळी माणसं जमली होती. आणि वाळवणाच्या फळ्या, ज्या सकाळी निम्म्या रिकाम्या होत्या, त्या काठोकाठ भरल्या होत्या. खेन्तिल बाह्या वर करून लाकडी दाताळ्यानं सगळं नीट एकत्र कालवत होता.

"मास्तर!" तो ओरडला. "पाच झाली! वर एक घमेलं जास्तच!"

एल तांबोरमध्ये कमी पडलेल्याला विचारायचं नसतं, ओतायचं असतं. कुणाचं छप्पर उडालं की प्रत्येकजण एक एक पत्रा आणतो. मयताला खुर्च्या कमी पडल्या की न सांगता येतात. विचारणं म्हणजे माणसाला हात पसरायला लावणं, आणि ते तिथं पाप समजतात. खेन्तिलनं आपलं उत्तम बी ओतलं होतं, सोसायटीसाठी राखलेलं. इस्मेनियाबाईंनी गच्चीवर वाळवलेलं आणलं होतं, पत्र्याच्या बादलीतून, डोक्यावरून, या वयात. सगळ्यांनी मास्तर घरात नसतानाची वेळ साधली होती, कारण मास्तर असता तर नको म्हणाला असता.

मास्तर दाखला हातात धरून उभा राहिला. त्यावरची शाई नीट वाळलीसुद्धा नव्हती.

"काय झालं? रडताय?" इस्मेनियाबाई म्हणाल्या. "रडू नका. जेवा. तीच कोंबडी आहे."

त्यानं कागद खिशात घातला आणि ताट पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोहोरानं पाहिलं तेव्हा तो फळ्यांपुढं बसून एक एक दाणा हातात घेऊन निरखत होता, हजेरी घ्यावी तसा.

"ओळखू येतंय का कुठलं कुणाचं?"

"नाही."

"मग उठा. युरानीकडं नमुना पाठवा."

"काय म्हणून पाठवू? दाखला रद्द झाला, नोहोरा. खोटं बोलू?"

"बोलू नका. नुसता पाठवा. विचारलं तर बघू." चाळीसेक वर्षांच्या संसारात नोहोराचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच होतं आणि त्यावर घर चाललं होतं.

नमुना गेला. निकाल आला. अठ्ठ्याऐंशी. युरानीनं फोनवर सांगितलं, "सर, काय केलंत तुम्ही? आधीपेक्षा दोन जास्त! एरिक स्वतः येतोय मळा बघायला. तुमचा फोटो काढणार आहे, पिशवीवर छापायला."

मास्तरनं फोन ठेवला. नाव तर नाव, वर फोटो. आणि सगळं खोट्यावर उभं. सांगावं तर पिशवी जाते, न सांगावं तर आयुष्यभर त्या पिशवीकडे बघता येणार नाही. तिकडे गावाला ही अडचण कळली, कशी ते विचारू नये, आणि खेन्तिलच्या अंगणात सभा भरून ठराव झाला की पाहुण्यासमोर कुणीही तोंड उघडायचं नाही. मास्तरच्या अब्रूचा प्रश्न आहे.

एरिक आला तो उंच, गुलाबी, घामाघूम आणि फार भला माणूस होता. मागं युरानी. त्याची भाषा पुस्तकातून शिकलेली. "मी अत्यंत आनंदित आहे," तो मास्तरचा हात हातात घेऊन म्हणाला. "ही कॉफी एका मनुष्याची आणि एका भूमीची आहे. हे चवीत जाणवते. आपले रहस्य काय आहे?"

ज्या देशात कॉफीचं झुडूप कुंडीतसुद्धा तग धरत नाही, तिथला माणूस मास्तरला त्याच्या भूमीचं सांगत होता, आणि ओशाळला होता तो मास्तरच. मास्तर घसा साफ करू लागला. अंगणाच्या कडेला सगळी वस्ती ओळीनं उभी होती, फोटोला उभी राहिल्यासारखी, ओठ घट्ट मिटून. एवढी गप्प माणसं त्या डोंगरात प्रार्थनेच्या वेळीही कुणी पाहिली नव्हती. ती शांतता इस्मेनियाबाईंना सोसवेना.

"आम्ही काहीच ओतलेलं नाही," त्या म्हणाल्या.

एरिक वळला. "क्षमा करा?"

"पत्र्याच्या बादलीतून तर अजिबात नाही."

"बाई!" खेन्तिल दातओठ खाऊन म्हणाला. मग सावरून घ्यायला पुढं झाला. "साहेब, त्यांचं वय झालंय. आणि माझं म्हणाल तर माझं सगळं बी सोसायटीत गेलं. कुणालाही विचारा. या सगळ्यांचंही तिकडंच गेलं. त्या दिवशी आम्ही इथं नुसते जेवायला आलो होतो."

"कुठल्या दिवशी?" एरिकनं विचारलं.

युरानीनं डोळे मिटून घेतले. ओळीतले सगळे खाली बघायला लागले, आणि मास्तरला एकदम फार थकवा आला. ही माणसं त्याच्यासाठी जन्मात पहिल्यांदा धड खोटं बोलायला उभी राहिली होती आणि त्यांना तेही जमत नव्हतं.

"यांचं आहे त्यात," तो म्हणाला. "तीन पोती माझी, दोन यांची. मी घरी नव्हतो. पण कळल्यावरही मी गप्प राहिलो, ते मात्र माझं एकट्याचं."

एरिकनं वाकून मूठभर बी उचललं, नाकाशी धरलं आणि खरोखरीच्या दुःखानं म्हणाला, "परंतु ही उत्तम आहे."

"मग घ्या की!" खेन्तिल म्हणाला. "मार्क तर वाढलेत! आम्ही ओतलं म्हणून वाढलेत!"

"घेता येत नाही. ही कुणाची आहे असे मी लोकांना सांगू?"

"आमची आहे म्हणून सांगा," इस्मेनियाबाई म्हणाल्या.

"'आमची' असे छापता येत नाही. गिऱ्हाईक एका मळ्याचे मूल्य देते. एक नाव, एक मुख."

"आमच्याकडं मुखं भरपूर आहेत," त्या म्हणाल्या. "वाटेल ते घ्या."

एरिकनं जेवण घेतलं, दोनदा वाढून घेतलं, सगळ्यांशी हात मिळवले आणि तो गेला. पुढच्या वर्षी बघू म्हणाला. युरानी मागं रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "सर, न सांगून चाललं असतं. तो ऐकायला तयारच नव्हता." मास्तर म्हणाला, "माहीत आहे." भूगोलात नापास केल्याबद्दल तिनं त्याला त्या दिवशी बहुधा माफ केलं.

पाच पोती सोसायटीत गेली. गोदामाच्या माणसानं सुरी मारून पोतं उघडलं आणि सगळं ढिगावर रिकामं केलं. त्या ढिगात निम्म्या जिल्ह्याचं बी होतं. बिलियर्डच्या अड्ड्यावर कुणीही मास्तरला "छापून आलं का?" असं विचारलं नाही. मास्तरला ते न विचारणंच जास्त लागलं.

पुढं कित्येक महिन्यांनी डोळे तपासायला मास्तर नोहोराला घेऊन शहरात गेला. तिथल्या मोठ्या दुकानात नोहोरा साबण शोधत होती. तिनं एक चकचकीत पाकीट उचलून त्याच्या पुढं धरलं. वर टोपीवाल्या, मिशीवाल्या शेतकऱ्याचं चित्र होतं. असा माणूस आन्सेल्मोनं सगळ्या उईलात कधी पाहिला नव्हता. खाली ठळक अक्षरं: "सिंगल ओरिजिन. एकाच मातीतली. कोलंबिया."

"म्हणजे देशच एक ठिकाण?" नोहोरानं विचारलं.

"विकणारा मोठा असला की ठिकाणही मोठं असतं," मास्तर म्हणाला. दोन समुद्र, तीन पर्वतरांगा, वाळवंट आणि ॲमेझॉनचं जंगल मिळून ती एक माती झाली होती, आणि त्यासाठी कुणाला कुठल्या खिडकीवर उभं राहावं लागलं नव्हतं.

"अहो, यात आपली असेल का?"

"नसेल कशावरून?"

पाकीट महाग होतं. तरी तिनं घेतलं. रविवारी तिनं ती कॉफी नुसत्या पाण्यात केली, आणि कुंपणावरून दोघा शेजाऱ्यांना हाका मारल्या. खेन्तिलनं युरानीसारखा जोरात घोट ओढला, त्याला ठसका लागला आणि डोळे पुसत तो म्हणाला, "हा संत्र्याचा वास माझा!"

"तुझ्या बापानं कधी संत्रं लावलं होतं?" इस्मेनियाबाई म्हणाल्या. "माझा आहे तो. गच्चीवरचा."

"गच्चीवर कोंबड्या असतात तुमच्या. त्या वासाचं काही लिहिलंय का पाकिटावर?"

"मास्तर, तुम्ही सांगा! वास कुणाचा?"

दोघंही त्याच्याकडे बघत राहिली. मास्तरनं पाकिटावरच्या मिशीवाल्याकडे पाहिलं, मग कप तोंडाला लावला. पहिल्या घोटात जाई आली. दुसऱ्यातही आली. कॉफी उत्तम होती. वाईट असती तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.